कोटाची पांढरी माती

पाऊस आला की आमच्या गावातली अर्धी घरं गळायची. आमचं घर कधी गळलं नाही. सासूबाई याचं श्रेय मातीला द्यायच्या, मी मालकांच्या कटकटीला.

घरावर माळवद होतं. तुळया, त्यांवर आडव्या लाकडी किलचा, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती शेतात मिळत नाही. जिथं जुनी वस्ती बसली, मोडली, पुन्हा बसली, तिथंच ती मिळते. तेरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाला ती कोटातून मिळायची. कोट म्हणजे आमच्या शेताला वेढा घालून पडलेला मातीचा जुना तट. कुणी घातला, कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत आम्ही ज्वारी पेरायचो. मोठा पाऊस झाला की तटाच्या अंगातून खापरं आणि रंगीत मणी वर यायचे. पोरी ते वेचून दोऱ्यात ओवायच्या.

कोटाच्या मधून एक ओढा गेलेला. ओढ्याच्या अलीकडं गावानं माती काढायची आणि पलीकडं, लिंबाखाली, दात न आलेली लेकरं ठेवायची, अशी जुनी वहिवाट होती. पुरायची असं कुणी म्हणत नसे. ठेवायची म्हणत.

माझी पहिली मुलगी तिथं ठेवली. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. भर श्रावणात ती झाली आणि बारशाआधीच गेली. नाव ठेवायचं राहिलं, म्हणून मला तिला हाकही मारता येत नाही. माझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मालक तिला पावसातच घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं. मी दाराशी बसून होते. ते परत आले तेव्हा त्यांची पावलं चिखलानं माखलेली होती. मी एवढंच विचारलं, लिंबाखाली ना? त्यांनी मान हलवली.

त्यानंतर शेताला जाताना मी वाट वाकडी करून लिंबाकडून जायची. तिथलं गवत काढायची, भाकरीचा तुकडा ठेवायची. कुत्री खातात, असं जाऊबाई म्हणायच्या. खाऊ देत, मी म्हणायची. पुढं दोन मुलगे झाले, शाळेला जाऊ लागले, तरी माझी वाट सरळ झाली नाही. मालक हे सगळं बघत असत आणि गप्प राहत. बाप्याला काय त्याचं, असं मला वाटायचं आणि मनातल्या मनात मी त्यांचा रागराग करायची.

त्यांचा जीव होता तो माळवदावर. दर उन्हाळ्यात गवत खुरपायला, माती चोपायला स्वतः वर जात. घरात सालगडी होता, पण त्याला शिडीला हात लावू देत नसत. वहाणा घालून कुणी वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू. पोरांनी वर उड्या मारल्या तर मार मिळे. घर आहे की देऊळ, असं मी टोमणा मारायची. मिरच्या वाळत घालताना मुद्दाम वहाणा घालून फिरायची. माझाही स्वभाव काही गरीब नव्हता.

महाराष्ट्र झाला, त्याच्या आगेमागे गावात खोदकामाची माणसं आली. एक साहेब, डोक्याला टोपी, बोलायला मऊ. ते तटावरून कितीतरी दिवस नुसते चालत होते. मग त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधली. तट आडवा कापून बघायचा होता, म्हणजे त्याचे थर दिसतील आणि तो कधी, कसा घातला ते कळेल. अलीकडची बाजू गावानं माळवदासाठी पोखरलेली. धड राहिलेला तट होता पलीकडं. सुतळी बरोबर लिंबाखालून गेली.

मालक हो म्हणून मोकळे झाले होते. मला कळलं तेव्हा मी शेतातलं काम टाकून तिथं गेले आणि सुतळीवर जाऊन बसले. माणसं जमली. साहेब आले, उन्हातच माझ्यासमोर उकिडवे बसले. मी त्यांना सांगितलं, हिथं माझं लेकरू हाय. त्यांनी विचारलं, सुतळी कुठं नेली तर चालेल? मी तटाच्या वळणापलीकडं बोट दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं खुंट्या उपटल्या. तिथं तट खचलेला होता, त्यांना हवं ते मिळणार नव्हतं, हे मला मागाहून कळलं. पण तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या मुलीसाठी काहीतरी केलं होतं.

संध्याकाळी मालक ओसरीवर बसले होते. मी त्यांना म्हणाले, उद्या गाडीतून एक मोठा दगड आणा, लिंबाखाली ठेवू, म्हणजे पुन्हा कुणी खुंटी मारणार नाही. ते नको म्हणाले. मी भडकले. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी एक दगड मागते आहे, तोही जड झाला का, असं बरंच बोलले.

त्यांनी खाली बघतच सांगितलं, "तिथं न्हाय ती."

मला काहीच समजलं नाही.

"त्या दिवशी ओढ्याला लई पाणी होतं. पलीकडं जाता आलं न्हाय. म्या तिला अलीकडंच ठेवली. माती काढत्यात तिथं. मऊ होतं. म्हणलं, पाणी उतरलं की नेऊ पलीकडं. मग हातच धजंना."

मग पुढचंही त्यांनी सांगितलं. ती गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते कामासाठी तुळजापूरला गेले होते. माळवदाला माती हवी होती. सालगड्यानं बैलगाडी जुंपली आणि दरसालच्या जागेवरून माती भरून आणली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढंसं लेकरू, फावड्याखाली आलं तरी गड्याला कळलंही नसेल. मालक परत आले तेव्हा तिथं खड्डा होता आणि माती वर पसरून, चोपून झाली होती.

मी विचारलं, "मग आता कुठं हाय ती?"

त्यांनी मान वर करून तुळयांकडं बघितलं.

आधी आला तो रागच. मी रिकाम्या जागेवर भाकरी ठेवत राहिले आणि या माणसानं मला ठेवू दिली. मग मनात आलं ते निराळंच. माझी मुलगी एवढी वर्षं आमच्या डोक्यावर होती. सारा पाऊस तिनं झेलला, आणि मी तिच्यावर मिरच्या वाळवल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेले आणि म्हणाले, लिंबाखाली खुशाल खणा. त्यांनी कारण विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं.

घरी आले तर मालक माळवदावर होते. खुरप्याचा आवाज येत होता. गवत काढायचे ते दिवसही नव्हते. मी शिडीपाशी गेले, वहाणा काढून भिंतीकडेला ठेवल्या आणि वर चढले.