पहिल्या फेरीत बोलायचं नसतं

धाकटीच्या दुकानाच्या भिंतीवर ठोकळे टांगलेले असत. लोखंडाचे, मुठीएवढे, काही काळे, काही भडक लाल रंगवलेले. पिकअप गाडी मागून उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सल यांच्या मध्ये असे ठोकळे घालतात. मग तीच गाडी सडकेवर मालकाच्या जिवावर उठते आणि मालक ते काढून घ्यायला धाकटीकडे येतो. काढलेला प्रत्येक ठोकळा ती पुसायची, तारेने बांधायची आणि रस्त्याकडच्या भिंतीवर खिळा ठोकून लटकवायची. रस्त्याच्या पलीकडे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं वर्कशॉप होतं. ठोकळे सगळे त्यानेच बसवलेले. सकाळी शटर उचललं की त्याला पहिलं दर्शन त्यांचं होई, आणि धाकटीने ती भिंत निवडली होती ती एवढ्याचसाठी.

लोक तिला समजवायला येत. घरातलाच माणूस आहे, इतका डूख धरू नये म्हणत. म्हणणाऱ्यांच्या बापाला कुणी आंधळा ठरवलं नव्हतं, म्हणून त्यांना म्हणायला सोपं जात होतं.

पलीकडचं वर्कशॉप मुळात तिच्या बापाचं. त्यांना सगळे पाटेमिस्त्री म्हणत. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या पिकअप त्यांच्याकडे येत आणि मिस्त्री त्यांना सडकेवर चालायला शिकवत, असं म्हटलं तरी चालेल. दगडधोंड्यांत गाडी चढवणं फारसं कठीण नाही, उंच करा, मोठे टायर घाला, चढते. खरा कस लागतो तो डांबरी सडकेवर. पिकअपचे मागचे पाटे ओझ्यासाठी घडवलेले असतात. मागे पोती नसली की ते वाकत नाहीत, मग रिकामी गाडी खड्ड्यात उडी मारते आणि वळणावर खड्डा आला तर मागचा भाग आडवाच सरकतो. मिस्त्री एखादा पाटा काढत, एखादा नवा घडवत, रबरं बदलत, शॉकॲब्सॉर्बर निवडून बसवत, आणि गाडी डोंगरही चढे आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला सडकेवर डुलकीही लागे. त्यांचे कान तर असे, की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की घरात बसल्या बसल्या ते सांगत, मागचं डावं रबर गेलं. खाली वाकून पाहिलं तर गेलेलंच असे.

धाकटी लहानपणापासून त्यांच्याबरोबर गाडीखाली. थोरली स्वच्छ राहणारी, हिची नखं कायम काळी. आई दोघींची फार लवकर गेली, त्यामुळे ओरडायलाही कुणी नव्हतं. लग्नाच्या भानगडीत धाकटी पडली नाही. थोरलीचं लग्न झालं, आणि जावई वर्कशॉपात कामाला आला.

त्या वर्कशॉपात एक रीत होती. गाडीचं काम झालं की तिची पहिली फेरी व्हायची. गाडी दुसऱ्याने चालवायची आणि ज्याने काम केलं त्याने मागच्या सीटवर बसायचं. पाण्याच्या टाकीपर्यंत उतार, तिथली जोडवळणं, आणि परत. फेरीभर त्याने बोलायचं नाही. चालवणाऱ्याला त्याने ‘हळू’ म्हटलं, तर त्याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही असं धरलं जाई आणि गाडी तशीच परत रॅम्पवर चढे. सगळं खोलायचं, पहिल्यापासून करायचं. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात मागच्या सीटवरून तोंड उघडलं नाही. एकदा त्यांना गाढ झोप लागली होती, तेवढाच काय तो आवाज.

जावयाला ही रीत म्हणजे वेळेचा खेळखंडोबा वाटे. तो दिसायला देखणा, बोलायला गोड. गिऱ्हाइकाला उंची हवी असते हे त्याने ओळखलं. ठोकळे आले, चिखलाचे जाड खाचांचे टायर आले. ते सडकेवर घूं घूं करत आणि ब्रेक मारला तर हवं त्याच्या बरंच पुढे जाऊन थांबत. गाडी वळणावर आडवी झुकू नये म्हणून खाली एक आडवी सळई असते, ती तो काढूनच टाकी. त्याने म्हणे चाकं मोकळी होतात. फोटो झकास येत. स्वतः मात्र तो घरी जाताना बुटक्या, मऊ गाडीतून जाई. धाकटीने ते एकदा सर्वांदेखत बोलून दाखवलं, तेव्हापासून तो तिला पाण्यात पाहू लागला.

मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते घरी होते, तेव्हाची गोष्ट. भाजी वाहणाऱ्या एकाची पिकअप जावयाने उंच केली आणि पहिली फेरी न करताच देऊन टाकली. भाजीवाला रिकामी गाडी घेऊन उतरला. टाकीजवळच्या पहिल्या वळणावर गाडी एका अंगाला झुकली, दुसऱ्या वळणावर दुसऱ्या अंगाला, आणि तशीच आडवी झाली. जीव वाचला, हात मोडला. पुढे गाडी खोलली तेव्हा मागचा एक ठोकळा उलटा बसवलेला निघाला. ठोकळ्याला उतार असतो, तो पुढे की मागे हे पाहूनच बसवावं लागतं.

भाजीवाला गळ्यात हात अडकवून वर्कशॉपात आला तेव्हा जावयाने सरळ हात वर केले. मागच्या चाकांचं काम मामांचं, म्हणाला. सासऱ्यांना तो मामा म्हणे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धड दिसत नाही, तरी ऐकत नाहीत, काय करायचं. आणि शेजारीच घरात बसलेल्या मिस्त्रींना त्याने बोलावून आणलं. मिस्त्री आले. त्यांच्या एका डोळ्यावर अजून पट्टी होती. त्यांनी भाजीवाल्याच्या हाताकडे पाहिलं. मग दारात थोरली उभी होती, तिच्याकडे पाहिलं.

"असेल," ते म्हणाले.

एवढंच. तिचा संसार मोडू नये म्हणून माणसाने आपलं नाव एका शब्दात देऊन टाकलं. धाकटी तिथे हातात पाना घेऊन उभी होती, आणि तो पाना कुणाच्या टाळक्यात घालावासा वाटत होता ते सांगायला नकोच. ती बोलायला गेली तर बापाने तिचा हात दाबला. ती मूग गिळून गप्प बसली, पण त्या दिवसापासून तिच्या मनातून तो शब्द हलला नाही. झोपताना ऐकू येई, जेवताना ऐकू येई. असेल.

मिस्त्री पुन्हा वर्कशॉपात गेले नाहीत. डोळे पुढे चांगले झाले, पण लोक त्यांच्याकडे येईनात. जे हाक मारून थांबत, ते नुसतं हात हलवून पुढे जाऊ लागले. मिस्त्री खिडकीशी बसून गाड्या ऐकत. रबर गेलेल्या गाड्या गल्लीतून जात आणि ते काही सांगत नसत. धाकटीने समोर दुकान टाकलं, भिंतीवर ठोकळे चढत गेले, आणि मनात तिने एकच गोष्ट धरली. तो शब्द ज्याच्यामुळे निघाला, त्याच्याच तोंडून तो परत घ्यायचा. बापासमोर. आणि चार माणसांत पोचेल असा.

तिला अडवत होती ती फक्त थोरली. बहिणीच्या पायाखालची जमीन ओढायची धाकटीला हिंमत होत नव्हती. मग एका दुपारी थोरली रस्ता ओलांडून आली. ती कधी येत नसे. भिंतीवरच्या ठोकळ्यांसमोर येऊन थांबली. कालच नवरा जेवताना पाहुण्यांना हसत हसत म्हणाला होता, आमच्या सासऱ्यांनी एकाला आडवा पाडला, तेव्हापासून मी त्यांना गाडीला हात लावू देत नाही.

"बाबा माझ्यासाठी गप्प बसले," थोरली म्हणाली. "माझं मी बघेन घरी. तू तुझं उरक."

धाकटीने मग वेळ घालवला नाही. गावात एक दूधवाला होता, मोठा. त्याच्या पिकअप डोंगरावरच्या गोठ्यांतून दूध उतरवत आणि सडकेने घरोघर पोचवत. माणूस चांगला, पण पोटात काही राहत नसे. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट सकाळच्या दुधाबरोबर प्रत्येक दारात जाई. त्याला सगळ्याच गाड्या नव्याने करून घ्यायच्या होत्या आणि तो जावयाकडे जाऊन आला होता. धाकटी त्याला म्हणाली, जरूर त्यांच्याकडून घ्या, माझी काही ना नाही. फक्त जुन्या रीतीने पहिली फेरी मागा. तुम्ही स्वतः मागे बसा, त्यांना शेजारी बसवा. चालवायला मी येते आणि आवाज ऐकायला पुढे बाबा बसतील. दूधवाल्याला ही कल्पना इतकी आवडली की ती आपलीच आहे असं तो दुसऱ्या दिवसापासून सांगू लागला.

जावयाला नाही म्हणता येईना. एवढं मोठं गिऱ्हाईक. त्याने आपली मिरवायची पिकअप काढली, दोन ओळींच्या सीटची, सगळ्यात उंच, सगळ्यात जाड टायरांची.

धाकटीने गाडीच्या एका नटालाही हात लावला नाही. हे नीट लक्षात घ्यावं, कारण पुढे गावात काहीबाही बोललं गेलं. तिने चारी टायरांतली हवा तेवढी तपासली. ती बरोबर होती. मिस्त्रींना वर चढवायला मात्र स्टूल आणावं लागलं. ते म्हणाले, गाडी आहे का माळा? पट्टा लावून त्यांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. ऐकताना ते नेहमी तसेच बसत.

उतार सुरू झाला. वेग तिने रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेला तेवढाच ठेवला, पण एवढ्या उंचावर बसलं की तोही पुष्कळ वाटतो. टायर घूं घूं करत होते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे जात होती आणि तिला सारखं समजावत राहावं लागत होतं. एक लहानसा खड्डा आला, मागचा भाग उडून खाली आदळला. दूधवाल्याने आपलं पोट धरलं. आरशात धाकटीला जावई दिसत होता. त्याचं गोड तोंड आंबट झालं होतं आणि नजर पुढच्या वळणावर चिकटली होती. त्याला ठाऊक होतं गाडीखाली काय आहे. गाडीत ते ठाऊक नव्हतं फक्त दूधवाल्याला.

तिच्या मनात आलं, की पाय जरासा दाबावा. खोटं कशाला बोला, मनात आलंच. तिला बरं वाटलं असतं. पण शेजारी बाप होता, आणि तिला जावयाची हाडं नको होती, त्याचं बोलणं हवं होतं.

टाकी दिसू लागली. पाटीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा एकच होता.

"हळू घे," मागून आवाज आला.

दूधवाल्याने झटकन मान वळवली. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांची मान किंचित वर झाली.

"का हो, भाऊजी?" धाकटी म्हणाली. "काम बरोबर नाही का?"

"मागे ठोकळे आहेत. सळई काढलीय. हळू घे म्हणतो ना."

"कुणी काढली?"

"मी काढली. मीच केलंय सगळं. हळू घे."

पहिलं वळण आलं. गाडी एका अंगाला झुकली आणि झुकतच राहिली, दूधवाला जावयाच्या अंगावर गेला, जावयाने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याची बोटं मिस्त्रींच्या खांद्याला लागत होती. वळण संपलं, गाडी हेलकावा खाऊन सरळ झाली. दोन वळणांच्या मध्ये सरळ सडकेचा तुकडा होता, आणि धाकटीने ब्रेकवर पाय ठेवला नव्हता.

"आणि भाजीवाल्याची?" तिने विचारलं. "ती कुणी केली होती?"

दुसरं वळण समोर आलं होतं.

"भाऊजी, तिचे ठोकळे कुणी बसवले होते?"

"मी," तो ओरडला. "मीच बसवले होते. उलटा बसला, माझ्याच हातून. मामांनी हातसुद्धा लावला नव्हता. आता थांबव."

तिने ब्रेक दाबला. टायर कण्हले, गाडी पुढे लोळत गेली आणि वळणाच्या तोंडाशी, टाकीच्या भिंतीजवळ थांबली. दूधवाल्याचं तोंड उघडं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे उद्या सकाळची सगळी दारं दिसत असावीत. जावयाने कपाळ पुसलं, पट्टा सोडला आणि दाराच्या मुठीला हात घातला.

धाकटीला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं. तिने बापाकडे पाहिलं. आता ते जाऊ दे म्हणतील, असं तिला वाटलं. आयुष्यभर तेच म्हणत आले होते.

मिस्त्रींनी डोळे उघडले. रबर कुठलं गेलं ते गल्लीच्या तोंडाशी ओळखणाऱ्या माणसाने कानामागे हात धरला.

"जावईबापू, दार लावून घ्या," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही." मग त्यांनी स्वतःचा पट्टा ओढून पाहिला आणि धाकटीला म्हणाले, "वर जाऊन वळव गाडी. परत एकदा घे."