फ्रेममध्ये माणूस नको

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा अजून राग आहे. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. मोटारसायकलच्या मागे लशीची पेटी बांधायची आणि झरी जामणी तालुक्यातली गावं, कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे करत हिंडायचं, ही माझी नोकरी. लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या, जी साथ असेल तिची लस टोचायची. लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, पण दुरुस्त करत बसण्याइतका प्रामाणिकही नव्हतो.

यवतमाळात घरी येऊन बसलो तेव्हा मुलीने कॅमेरा घेऊन दिला. महिनाभर अंगणातल्या जास्वंदीचे फोटो काढले. मग कोणीतरी एका फोटोग्राफीच्या ग्रुपात घातलं आणि तिथे सर भेटले.

सर शिकवणी वर्ग चालवायचे. अंगात बारा खिशांचं जाकीट, त्यातले दहा खिसे रिकामे. दोनदा लडाखला जाऊन आलेले. कोणत्याही विषयावर बोलायला लागले की तिसऱ्या वाक्यात लडाख येणारच. त्यांचं म्हणणं असं की लँडस्केप हॉटेलात राहून मिळत नाही. उघड्यावर तंबू ठोकायचा, जागेबरोबर जगायचं, मग पहाटे जागा स्वतःला उघडून दाखवते. हे ऐकून आमच्यातल्या दंतवैद्य बाई डोळे मिटून मान हलवायच्या. मीही हलवायचो. आज आठवलं की मान अवघडल्यासारखी वाटते.

मी आयुष्यभर त्या रानात फिरलो हे कळल्यावर सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आजपासून तुम्ही आमचे लोकेशन स्काउट."

मी चार दिवस फुगून होतो. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे रस्ता दाखवणारा गडीच ना?"

ती बरोबर होती, पण मला तेव्हा बरोबर माणसं नको होती.

सरांच्या अटी मी एका वहीत लिहून घेतल्या होत्या. जागा उंचावर हवी, पूर्वेकडे मोकळी हवी, खाली दरी हवी. विजेचा खांब नको, मोबाइलचा टॉवर नको, पत्र्याचं छप्पर नको, गुरं नकोत. "फ्रेममध्ये माणसाची खूण नको," हे त्यांचं आवडतं वाक्य. मात्र गाडी जागेपासून दहा मिनिटांवर पोचली पाहिजे, आणि फोनला रेंज पाहिजे, कारण फोटो लगेच टाकायचा असतो. टॉवर दिसायला नको आणि रेंज पाहिजे! सासऱ्याने दिसू नये पण हुंडा पाठवावा, तसला हा प्रकार.

मी तीन जागा दाखवल्या. पहिली एका तलावाच्या काठाची. तिथे सरांना पलीकडच्या काठावर डिझेल इंजिन दिसलं. दुसरी सागाच्या जंगलाला लागून होती. तिथे मी म्हणालो, की रात्र काढायची तर वनखात्याची परवानगी काढावी लागेल. सर हसले. "परवानगी काढून कुणी वाइल्ड कॅम्पिंग करतं का?" पण सहीशिवाय पाऊल टाकायची मला सवय नव्हती, मी अडून बसलो आणि ती जागा गेली. तिसरी जागा म्हणजे एका तांड्याच्या वरच्या अंगाला असलेलं पठार. पठाराच्या टोकाला बरड, दगडधोंड्याची जमीन, तिच्या आत लागूनच एक हरभऱ्याचं वावर, आणि खाली सगळी दरी. डिसेंबरात सकाळी तिच्यात धुकं भरून राहतं. हे मला माहीत होतं, कारण त्या वावराच्या मालकाचा बैल पोट फुगून पडला होता तेव्हा मी तिथे पहाटेच गेलो होतो. बैल वाचला, आणि तेव्हापासून त्या नवराबायकोचा आणि माझा घरोबा होता.

सर पठार पाहून गप्प झाले. लडाखही विसरले. मला वाटलं, जिंकलो.

मी म्हणालो, "मालकाला फोन करतो एक."

"नको," सर म्हणाले. "फोन केला की ही माणसं येतात. चहा आणतात, गर्दी करतात. मूड जातो."

मी फोन खिशात ठेवला. ज्या माणसाच्या गोठ्यात मी जेवलो होतो, त्याला त्याच्याच वावराच्या धुऱ्यावर तंबू ठोकताना विचारलं नाही, कारण सरांचा मूड गेला असता.

मुक्कामाला आम्ही तिघंच होतो, सर, दंतवैद्य बाई आणि मी. तंबू भगव्या-नारिंगी रंगाचा होता, दोन कोसांवरून दिसेल असा. माणसाची खूण नको म्हणणाऱ्या सरांना हा तंबू मात्र फोटोत चालत होता. किंबहुना तोच लागत होता. सूर्य बुडाल्यावर त्यांनी तंबूच्या आत दिवा ठेवला, बाई त्यात पाठमोऱ्या बसल्या, आणि पाऊण तास त्या उजळलेल्या तंबूचे फोटो निघाले. नंतर सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या पाठीला जमीन सोसत नाही, ते गाडीत सीट पाडून झोपतील. बाईही गाडीतच झोपणार होत्या, मागच्या सीटवर. म्हणजे तंबूत मी एकटा.

एवढ्यात मालक आणि त्याची बायको आली. तंबू दिसला म्हणून बघायला आली होती. मला पाहून मालक एकदम मोकळा झाला.

"डाक्टरसायब! तुमी व्हय! मले वाटलं कोनी सर्व्हेवाले आले. फोन तं करा लागत व्हता!"

त्याच्या बायकोने अंगावर शाल आवळली, तंबूभोवती एक चक्कर मारली, आत डोकावली आणि मला विचारलं, "घरी काही झालं काय डाक्टरसायब? बाईसंगं भांडन?"

"नाही हो. फोटो काढायला आलो."

"कायचे?"

"इथले. दरीचे. सकाळचे."

तिने दरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थे तं रोजच राह्यते तिथं," ती म्हणाली. "आंगनात खाट टाकून देतो ना. थंडीत कायले मरून राह्यले?"

सर पुढे झाले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "सांगा त्यांना, आम्हाला ऑथेंटिक अनुभव हवाय."

मी ते सांगितलं नाही. त्यांच्या बोलीत त्याला शब्दच नव्हता. मालकाच्या बायकोने ओच्यातून आणलेल्या मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून दिल्या. सरांनी दोन मुठी खाल्ल्या आणि टरफलं सगळ्या बाजूंना फेकली.

जाताना तिने वावराभोवती हात फिरवून दाखवला. डुकरं येतात म्हणून साऱ्या वावराला जुन्या साड्या बांधल्या होत्या. आमच्याकडे सगळेच बांधतात. खुंटीला खुंटी, साडीला साडी. गुलाबी, पोपटी, निळी, एक जरीच्या काठाची. वाऱ्याने हलतात, माणूस आहे असं वाटून डुक्कर आत शिरत नाही.

"याले हात लावू नोका," ती म्हणाली. "खालच्या अंगानं कळपच्या कळप येऊन राह्यला. एक रात उघडं राह्यलं तं संपलंच."

"नाही लावत," मी म्हणालो. हे माझे शब्द.

पहाटे धुकं आलं, आणि ते खरंच सुंदर होतं. ते मी नाकारत नाही. टेकड्यांची फक्त टोकं वर राहिली होती आणि मधे सगळं पांढरं. सर जाकीट चढवून गाडीतून उतरले, ट्रायपॉड लावला, डोळा लावला आणि ओरडले, "हे काय आहे!"

साड्या मधे येत होत्या. हरभऱ्याचा हिरवा पट्टा त्यांना खाली हवा होता, वर धुकं, आणि मधोमध गुलाबी-पोपटी रांग.

"काढा हो त्या चिंध्या. दोन मिनिटांचं काम आहे. फोटो झाला की परत बांधू."

मी म्हणालो, "तिने सांगितलंय..."

"दिवसाढवळ्या डुकरं येणार आहेत का? सूर्य वर येतोय, बोलत काय बसलात!"

मी साड्या सोडल्या. दुसऱ्या कोणी नाही, मी. दवाने गाठी फुगल्या होत्या, सुटत नव्हत्या, तर दातांनी सोडल्या. दहा-बारा साड्या असतील. दंतवैद्य बाई सुटलेल्या साड्या धरून उभ्या होत्या आणि त्यांनी एकदा विचारलं, "ठीक आहे ना हे?" मी हो म्हणालो. मग सरांनी चाळीसेक फोटो घेतले, प्रत्येक फोटोनंतर स्वतःच "वा" म्हणाले.

सूर्य वर आला तसं सरांना आठवलं की वाटेतल्या नदीवर तिरपा उजेड मिळेल. "तुम्ही बांधा, आम्ही गाडी वळवतो." त्यांनी गाडी वळवली आणि हॉर्न वाजवायला लागले. मी बांधत होतो. बोटं बधिर झाली होती. हॉर्न थांबेना. शेवटच्या तीन साड्या राहिल्या होत्या, खालच्या कोपऱ्यातल्या. मी त्यांची घडी केली, एकावर एक दगडावर ठेवल्या, आणि स्वतःला सांगितलं की मालकाला फोन करून सांगू, तो येऊन बांधेल. आणि गाडीत जाऊन बसलो. फोन केला नाही. नदीवर तिरपा उजेड सुंदर होता, त्यात मी रमलो.

दुसऱ्या दिवशी मालकाचाच फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "डाक्टरसायब, डुकरायनं खालचा अर्धा हरभरा लोळवला. कोपऱ्यातल्या साड्या सुटेल व्हत्या. तुमच्या लोकायनं तं नाई ना सोडल्या?"

"नाही हो," मी म्हणालो. "वाऱ्याने सुटल्या असतील."

"असंन," तो म्हणाला. "जाऊ द्या मंग." आणि माझ्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

महिन्याभराने ग्रुपचं प्रदर्शन भरलं. सरांचा फोटो मधोमध, सगळ्यात मोठ्या चौकटीत. खाली लिहिलं होतं, 'अस्पर्श: जिथे माणूस पोचलाच नाही'. सर लोकांना सांगत होते की ही जागा त्यांना तीन तासांच्या पायपिटीनंतर अंतःप्रेरणेने सापडली. एका मुलीने विचारलं, ही जागा कुठे आहे? सर गंभीर झाले. "सांगता येत नाही. लोक जातात आणि नासधूस करतात."

दंतवैद्य बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फोटोकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात तो हरभरा होता. हिरवागार, दवाने चमकणारा. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी तो तिथे नव्हता.

सरांना मी तिथेच सांगितलं, काय झालं ते. त्यांनी माझा दंड दाबला. "अरेरे. पण बघा, निसर्गात हे चालायचंच. डुकरांनाही पोट आहे." आणि पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळले. त्या संध्याकाळी मी ग्रुप सोडला. कोणी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे. साड्या सरांनी सोडल्या नव्हत्या.

रविवारी तांड्यावर गेलो. माझ्या बायकोने कपाटातून आठ जुन्या साड्या काढून दिल्या होत्या. तिला सगळं सांगितलं होतं, आणि तिने एका शब्दानेही मला बरं वाटू दिलं नाही. मालक घरी होता, त्याने खाट टाकली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं की साड्या मी सोडल्या, आणि फोनवर खोटं बोललो.

मालक जमिनीकडे पाहत राहिला. त्याला माझीच लाज वाटत होती. त्याची बायको दारातून म्हणाली, "मले तवाच मालूम व्हतं. वारा सुटला तं साड्या काट्यात जातीन. घडी करून गोट्यावर ठेवते काय वारा?"



"तुम्ही तरी मला तेव्हाच का नाही बोललात?" मी मालकाला विचारलं.

"काय बोलू," तो म्हणाला. "तुमी नाई म्हनलं, तं नाई."

तिने साड्यांचं गाठोडं सोडलं. एकेक साडी उजेडात धरून ताणून पाहिली. पाच ठेवल्या, तीन परत केल्या. "हे पातळ हायेत. काट्यात एक हप्ता नाई टिकनार." नुकसानीचा विषय मी काढला तर तिने हात झटकला आणि आत गेली. ती माझ्याशी नीट बोलली नाही, आणि बोलावं असं मी काही केलंही नव्हतं.

चहा झाल्यावर मी उठलो तेव्हा ती बाहेर आली. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"याच्यात जनावराचा फोटू निंगते का नाई?"

"निघतो ना."

"मंग आमच्या जोडीचा काढा. इकाची हाय. मोबाइलवर टाकला फोटू का गिऱ्हाईक घरी येते म्हनते हा."

मी बैल अंगणात घ्यायला लावले, उजेड पाहिला, गुडघ्यावर बसलो आणि काढला. तिने पडद्यावर पाहिला. "शिंगं कुठी हाय याचे?"

डाव्या बैलाची शिंगं फ्रेमबाहेर राहिली होती. दुसरा काढला. "याच्यात तुमची सावली पडून राह्यली." तिसऱ्यात बैलाने मान फिरवली. चौथ्या वेळी तिने नवऱ्याला बाजूला सारलं, स्वतः कासरा धरून दोन्ही बैलांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "आता काढा. आन् पाय सुद्दे येऊ द्या. बैल पायानं इकते, ढगानं नाई."

मी काढला. मागे पत्र्याचं छप्पर आलं, विजेचा खांब आला, तारेवर वाळत घातलेले टॉवेल आले. आठही पाय आले. तिने बराच वेळ पाहिला आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"चालन," ती म्हणाली, आणि बैल बांधायला घेऊन गेली.