वरची ओळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मेसेज गेला — बाळ कडेवर रडतंय, आणि गावच्या ग्रुपवर एकेकाचं नाव दिसतंय, कोणी कोणी वाचलं ते. पुसता आला असता. नाही पुसला.

जाऊबाईंमुळे. त्यांचं इथे आखातात, रिफाला मोठं घर. तिथेच माझ्या बाळाचं बारसं केलं त्यांनी, आणि सगळ्या बायकांसमोर बोलल्या, "हिच्या माहेरचं काय विचारता? हिला बापाचाच पत्ता नाही." बायका हसल्या. माझी आई तेव्हा व्हिडिओ कॉलवर होती — ऐकत होती. तिने फोन ठेवला नाही, नुसती खाली बघत राहिली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच — हिचं घराणं काढायचं.

मोठ्या भावजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, शिमग्यात गावच्या पालखीचा पहिला मान पाहिजे होता, आपली शाखा थोरली म्हणून. त्यांच्या वकिलाने गावाकडच्या कोर्टातून इंग्रजांच्या वेळची मृत्युपत्रं शोधून फोटो पाठवले. मराठीतच, वर शिक्का. भावजींनी ते मला पाठवले, बोलले, "तू घरीच असतेस, बघ त्यात आपले कोण." मी नववी नापास, पण अक्षर लावता येतं. बाळ झोपलं की फोटो मोठा करून वाचायचे. आणि सापडलं — कोणी विठोबाने लिहिलेलं, लग्नाच्या बायकोला मूल नाही, ठेवलेल्या बाईचा मुलगा लक्ष्मण, सगळं त्याला. आमचे पणजोबा लक्ष्मण विठोबाच. मला इतका आनंद झाला — काय सांगू.

मग वरची ओळ वाचली. खालची वाडी. आम्ही वरच्या वाडीचे. आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, आडनाव सगळ्यांचं एकच, प्रत्येक वाडीत एक लक्ष्मण विठोबा निघतो — म्हणून तर कागदात वाडी लिहितात. हे आमचे नव्हतेच. मला कळलं होतं — चांगलं कळलं होतं. मी ती ओळ कापली आणि फोटो टाकला. खाली लिहिलं, आपले पणजोबा सापडले. माझं बाळही त्याच घराण्याचं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पुतणीचं, जाऊबाईंच्या मुलीचं, लग्न ठरलेलं. नवऱ्यामुलाचे मामा त्याच ग्रुपवर. नकार आला. भावजींनी लाजेने ते फोटो परत उघडलेच नाहीत. जाऊबाई जेवेनात, आणि मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. अजून वाटतं. पण पोरगी? माझ्या बाळंतपणात माझे कपडे धुतले तिने. सांगायला गेले तर — माझा नवरा भावजींच्या तुबलीच्या गॅरेजमध्ये कामाला, व्हिसा त्यांच्या हातात. कळलं की खलास. तुम्ही काय केलं असतं — जाऊ दे, नाही विचारत.

शुक्रवारी ती आली, बाळाला मांडीवर घेऊन बसली. "काकी, इज इट ट्रू? ते पणजोबा खरंच तसे?"

मी बोलले, "कागदात लिहिलंय ना, बाय."