पदराखालचा हात

वहिनी माझ्या दादाशी पदराखाली बोलायची. राजापेठेतल्या त्यांच्या घरी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हसू आलं. अकोल्याच्या बाजारात आम्ही कापसाचे दलाल चारचौघांना भाव कळू नये म्हणून रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतो. ती युक्ती मीच तिला एकदा गमतीत दाखवली होती. तिने ती आजारी नवऱ्यासाठी उचलली.

दादा शाळेत चित्रकला शिकवायचा. ऐन तिशीत त्याला आढ्यावर माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. आपण काही मागितलं की ती ऐकतात, म्हणून तो जेवणही मागेना.

"आयकू द्या त्याईले," वहिनी म्हणाली. "पदराखालचं त्याईले काय समजते?"

एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे भूक. मूठ वळली म्हणजे भीती वाटते. मग ती त्याचं मनगट धरायची. म्हणजे, मी आहे.

माझा आवाज बाजारातला. मी दारातून बोललो तरी दादा कोपऱ्यात जाऊन बसायचा. त्यामुळे सगळं तिच्यावरच पडलं. तिचे केस गळाले, खाल्लेलं अंगी लागेना. गल्लीत बादली आपटली तरी तिच्या मानेची शीर उडायची. मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं आणि एकाच फीमध्ये दोघांना तपासा म्हणून घासाघीस केली. त्यांनी दादाला तपासलं. तिला नुसतं सांगितलं, आराम करा.

"आराम कोठी भेटते, भाऊजी?" ती रस्त्यात हसत म्हणाली. "तुमी भाव करून पाहा."

मी केला. वलगावच्या आमच्या आत्यापुढे दादा शांत राहायचा. पण हीच आत्या गावभर सांगायची, "बायकोनंच पोराले येडं केलं." मी तिच्याशी भांडलो, तिच्या पाया पडलो आणि चार दिवस येऊन राहायला तिला राजी केलं. वहिनी दर्यापूरला माहेरी जाणार होती, नुसती झोपायला. ट्रंक भरून ती दारात बसली होती, तेव्हा आत्याचा निरोप आला, "येड्याच्या घरात राहाले मले भेव वाटते."

मी तिथेच शिव्या सुरू केल्या. वहिनीने ट्रंकेतली लुगडी एकेक करून परत खुंटीवर टाकली.

"वरडू नका, भाऊजी," ती म्हणाली. "हे भिऊन राहिले."

त्याच आठवड्यात भाजी चिरता चिरता ती कलंडली, ती उठलीच नाही. आत्या आली आणि सगळ्यांत मोठ्याने रडली. तिच्या घरचं पाणी मी आजही पीत नाही.

दादा रडला नाही. वहिनीवर हिरवं लुगडं पांघरलं होतं. तो जवळ बसला आणि त्याने लुगड्याखाली हात घातला. कापडाखाली त्याची मूठ वळलेली मला दिसली. बाजारात समोरच्याने बोटं दाबली नाहीत की सौदा मोडला समजून आम्ही हात काढून घेतो. दादाने हात काढला नाही.

मी कापडाखाली हात घातला आणि त्याचं मनगट धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझा हात हळूच बाहेर काढून ठेवला आणि लुगड्याखाली तिच्या हातापाशी पुन्हा मूठ वळली.