डब्यातलं फुप्फुस

केसपेपर गहाळ होतात, एक्स-रे पिवळे पडतात, पण पेशंट जाता जाता जे बोलून जातो ते डोक्यात साठत राहतं. नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका लहानशा टीबीच्या दवाखान्यात सिस्टर होते. खोकला थांबला की लोक गोळ्या सोडायचे. म्हणून आमच्या डॉक्टरांनी डोळ्यांना लावून चित्रं बघायचा मुलांच्या खेळण्यातला डबा आणला. आतला ताजमहाल काढून फुप्फुसाच्या मॉडेलचे फोटो घातले. आधी आजारी, मग सुधारणारं, मग बरं झालेलं. ते इतकं पुढे आल्यासारखं दिसायचं, की लोक हात लावायला बघायचे.

सोनईच्या एका दुकानदाराने विचारलं, हे कुणाचं? तुमचंही असंच आहे, डॉक्टर म्हणाले. त्याने डबा शांतपणे खाली ठेवला. "माझं असं नसंल. आमच्या घरात अंडंसुद्धा येत न्हाई."

पुणतांब्याच्या एका बाबांनी तिन्ही चित्रं बघितली, हात जोडले आणि गोळ्या टेबलावरच ठेवून गेले. महिन्याने खोकत परत आले. मी रागावले, तर म्हणाले, "शेवटी बरं झाल्यालं दावलं की तुमी!"

त्यानंतर आम्ही शेवटचं चित्र गोळ्यांचं ठेवलं.

खोकला गेला तरी जंतू आत असतात, हे डॉक्टर एका शेतकऱ्याला समजावत होते. तो म्हणाला, "म्हंजे ऊस तोडला तरी बुडख्यातनं खोडवा फुटतो, तसं." डॉक्टरांना हे फार आवडलं. मग ते सगळ्यांनाच खोडवा सांगू लागले. मुंबईहून बदलून आलेल्या एका क्लार्कने बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "सिस्टर, हा खोडवा कुठल्या मेडिकलमध्ये मिळेल?"

रमा मजुरीला जाणारी, गोळ्या न चुकता घेणारी. पण सासूने तिचं ताट वेगळं केलं होतं, तान्ही पोरगी जवळ देत नव्हती, आता माहेरी धाडायचं म्हणत होती. एक दिवस रमा सासूलाच घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या थुंकीत आता जंतू नाहीत, पोरगी हिच्याकडे द्या.

सासूने डबा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तिला काही कळलं नसावं, असं मला वाटलं. मग तिने डबा ठेवला आणि रमाचा केसपेपर बाजूला सारला.

"आता माजी छाती बघा," ती म्हणाली. "हिच्या आधीपासनं खोकतीया मी."