चिंचेच्या पाण्यातली स्कूटर

"नाक काय मुरडतेस? घास!" असं म्हणून शेजारच्या काकू गंजका ब्रेक लिव्हर आणि तारेची घासणी माझ्या हातात कोंबायच्या. मी आपली साखर मागायला गेलेली असायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असं एखादं माणूस. त्याच्या दारात गेलात की काम चिकटलंच म्हणून समजा.

काका गेल्यापासून त्यांची स्कूटर जिन्याखाली सडत होती. शहाडची आमची बिल्डिंग पाडायचं ठरलं, तेव्हा काकूंचा मुलगा म्हणाला, "आई, तू चल ठाण्याला. स्कूटर भंगारात देऊ." काकू उसळल्या. "आधी एकदा चालू करणार. मग खुशाल द्या."

"कुठे जायचंय तुम्हाला तिच्यावरून?" मी चिडवलं.

"जायचंय कशाला? आवाज ऐकायचाय."

काका कामावरून यायचे, तेव्हा ती फटफट पुलावरूनच ओळखू यायची आणि काकू चहाचं आधण ठेवायच्या. आवाज ऐकला की माणूस घरी आला, एवढंच त्यांना ठाऊक.

नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काकी, इंजिन मी करतो. पण गंज काढत बसायला मला टाइम नाय."

"गंज माझ्याकडे दे."

मग काय! बादल्या, टोप, लोणच्याची बरणीसुद्धा चिंचेच्या पाण्याने भरली आणि त्यात नट, बोल्ट, स्प्रिंगा. देवाची भांडी घासायची तीच रीत. लख्ख झालेले पार्ट त्यांनी धुऊन गॅलरीत निथळत ठेवले. सकाळी बघतात तर सगळे पुन्हा तांबूस! "पितळ कधी असं उलटलं नाही गं माझ्यावर," म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला. मेकॅनिक हसून बेजार. तेव्हापासून धुतलं की लगेच कोरडं पुसायचं आणि खोबरेल चोळायचं. बाळाला चोळतात तसं.

आता काकू नाहीत. चिंच कोळायला घेतली की मला त्यांची इतकी आठवण येते, की भाजी बाजूला राहते.

सायलेन्सरला गंजून भोक पडलेलं. "तेही बुजव," काकूंनीच मेकॅनिकला सांगितलं होतं, "काही कमी ठेवू नकोस." त्याने वेल्डिंग करून दिलं.

एका संध्याकाळी त्याने थोडं पेट्रोल ओतून किक मारली. पुन्हा मारली. आणि अहो, झाली की चालू! गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. मी काकूंकडे पाहिलं, तर चेहरा उतरलेला.

"हा नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यांची फाटक्या आवाजात यायची."

भोक बुजलं होतं ना! मेकॅनिक बिचारा ओशाळला. "काकी, परत पाडू का भोक?"

काकूंना हसू फुटलं, आणि रडूही. "नको रे. एवढी छान केलीस." त्याने बंद करायला हात पुढे केला, तसा त्यांनी तो धरला. "राहू दे चालू. थोडा वेळ."

पेट्रोल संपेपर्यंत त्या सीटवर हात ठेवून, पुलाकडे बघत उभ्या होत्या.