मी तुमचं ऐकलं

नळांच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायला एकच बाई होती आणि तिला सगळे मॅडम म्हणत. मालकसुद्धा. मालकाचं स्वतःचं इंग्रजी ‘येस येस, नो प्रॉब्लेम’ इथं सुरू होऊन तिथंच संपायचं. या नो प्रॉब्लेमपायी एकदा उलट्या आट्यांचे नळ भरलेला अख्खा कंटेनर बंदरावरून परत आला होता. तेव्हापासून परदेशाचा फोन वाजला की तो चहाचा कप तसाच ठेवून मॅडमच्या टेबलाकडे पळायचा.

मॅडमची पद्धत ठरलेली होती. शब्दाला शब्द. समोरचा जे बोलला ते आणि तेवढंच, पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. नळाचे आटे सूतभर चुकले तरी पाणी गळतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. माणसांच्या बोलण्याचंही तसंच असतं अशी तिची पक्की समजूत होती. ती समजूत जिथं फुटली ती फुटबॉलची सभा होती, आणि गंमत म्हणजे फुटबॉलचं नाव काढलं तरी मॅडमच्या कपाळाला आठी पडायची.

आठीचं कारण घरातच होतं. तिचे वडील म्हणजे शहराच्या फुटबॉल क्लबचे ‘कप्तान’. खेळाडूंचे नव्हे हं, प्रेक्षकांचे. त्यांनी जन्मात चेंडूला लाथ मारली असेल तर ती शेजाऱ्यांच्या पोरांचा चेंडू परत द्यायला. पेशानं ते बसचे कंडक्टर होते. पण मैदानाच्या पूर्वेला सिमेंटच्या उघड्या पायऱ्या होत्या, तिथं क्लबाचे कट्टर चाहते उभ्यानं सामना बघत, आणि त्या गर्दीत ओरडायचं कधी, गप्प कधी बसायचं, गाणं कुठलं धरायचं, हे कप्तान ठरवत. कंडक्टरकीनं आवाज असा कमावला होता की भोंग्याची गरज नसे. सुट्टीचा प्रत्येक दिवस ते पायऱ्यांवर आणि मायलेकी घरी. आई म्हणायची, “त्यांचं लग्न आधी क्लबाशी झालंय, मी नंतर आले.” मॅडम हसायची नाही.

पायऱ्यांवरच्या मंडळींचा अड्डा न्हाव्याच्या दुकानात. दाढीला बसलेल्या माणसाच्या गालावर साबण सुकून जाई आणि न्हावी वस्तरा हवेत धरून परदेशातल्या क्लबांच्या बातम्या सांगत राही. अमुक देशातला शंभर वर्षांचा क्लब अमेरिकन कंपनीनं घेतला. तमुक ठिकाणी नव्या मालकानं बिल्ल्यावरचा पक्षीच बदलला, तर लोकांनी सामन्याला पाठ केली. दूरच्या क्लबांच्या दुःखावर हळहळायला बरं वाटतं. आपल्याला काही करावं लागत नाही. मग एक दिवस न्हाव्यानं मोबाइल उघडला आणि त्याची बोलतीच बंद झाली. या वेळी अमेरिकनांनी घेतलेला क्लब आपलाच होता.

नव्या मालकांच्या वतीनं एक अमेरिकन येऊन राहिला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टीत परक्याला राक्षस करायची आपल्याला फार घाई असते. हळू बोलायचा, समोरच्याकडे नीट बघायचा, छातीवर हात ठेवून आभार मानायचा. त्यानं चाहत्यांची सभा बोलावली आणि दुभाषी म्हणून कप्तानांनी लेकीचं नाव पुढे केलं. लेक नको म्हणाली, तर म्हणाले, “परक्या माणसाच्या तोंडून आमचं गाऱ्हाणं नको. तू सांग. तू एक शब्द इकडचा तिकडे करणार नाहीस.” या वाक्यावर ती विरघळली. वडिलांनी तिच्या कामाचं असं कौतुक पूर्वी केलेलं तिला आठवत नव्हतं.

सभा मैदानाशेजारच्या जुन्या जिमखान्यात भरली. अमेरिकन ‘सॉकर’ म्हणाला तेव्हा मागून एकजण ओरडला, “साखर कुणाची आणली?” आणि सभा हसण्यात बुडाली. तो चाहत्यांच्या अनुभवाबद्दल बोलला, तो अनुभव नव्या मालकांना सुधारायचा होता. न्हावी उठून म्हणाला, “अनुभव आमच्याकडे पोत्यानं आहे. आम्हाला गोल पाहिजेत.” मग पडद्यावर नव्या मैदानाचं चित्र आलं. पूर्वेला पायऱ्यांच्या जागी निळ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. हसणं तिथंच थांबलं.

कप्तान उठले. बोलणं घरून पाठ करून आणलं होतं ते पहिल्याच वाक्याला विसरले, आणि ते बरंच झालं. “साहेब,” ते म्हणाले, “मी कंडक्टर. जन्मभर लोकांना सरकवून सरकवून बसायला जागा करून दिली, स्वतः उभा राहिलो. नोकरीत उभं राहणं पोटासाठी होतं. या पायऱ्यांवर उभं राहणं माझ्या आवडीचं. आमच्यातली निम्मी माणसं दिवसभर कुणापुढे तरी वाकलेली असतात. इथं येऊन सरळ होतात. तुम्ही क्लब घ्या, नाव घ्या, बाकी काय पाहिजे ते करा. पायऱ्या तेवढ्या राहू द्या. एवढं आमचं ऐका.”

मॅडमनं शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं. एकही वाक्य तुटू दिलं नाही. अमेरिकन पुढे झुकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं छातीवर हात ठेवला, कप्तानांच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “आय हिअर यू.”

मॅडम म्हणाली, “मी तुमचं ऐकलं.”

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग छप्पर उडेल असा गलका उठला. न्हाव्यानं टोपी भिरकावली, लोक खुर्च्यांवर चढले, आणि कप्तानांनी पुढे होऊन त्या उंच माणसाला मिठीच मारली. त्यांचं डोकं त्याच्या खिशापाशी पोचत होतं. अमेरिकन गोंधळला, पण खूश झाला. मॅडम मात्र जागच्या जागी थिजली. आपण शब्द बरोबर आणला आणि अर्थ भलताच आणला, हे गलका उठला त्याच घडीला तिच्या ध्यानात आलं होतं. आपल्याकडे पोरगं आईचं ऐकतं म्हणजे तिनं सांगितलेलं करतं. साहेब आपलं ऐकतो म्हणजे आपलं काम झालं. हात जोडून “एवढं ऐका” म्हटल्यावर “ऐकलं” हे उत्तर आलं, तर त्याला हो याखेरीज दुसरा अर्थच नाही. अमेरिकन एवढंच म्हणाला होता की तुमचं म्हणणं मला पोचलं.

तोंड उघडायची वेळ तीच होती. तिनं उघडलं नाही. वडिलांच्या चेहऱ्यावर तिला जे दिसत होतं ते तिनं घरात कधी पाहिलं नव्हतं. मनाची समजूत घातली की कदाचित त्याला तसंच म्हणायचं असेल, आपण कशाला आधीच घाबरायचं. ही समजूत गाडीपर्यंतही टिकली नाही. निरोप देताना अमेरिकन म्हणाला, “इतकी समजूतदार माणसं मी कुठं पाहिली नाहीत. हंगाम संपला की लगेच पायऱ्या पाडायला घेऊ.” तरी ती गप्पच राहिली.

इकडे पायऱ्यांवरच्या मंडळींना ऊत आला. पायऱ्या वाचल्या म्हणजे त्या नीटनेटक्या नकोत का? न्हावी, सुतार, भाजीवाला, सगळे कामावरून सुटले की रंगाचे डबे घेऊन तिकडेच. क्लबाचा लाल पट्टा प्रत्येक पायरीच्या काठावर. कारखान्यातून परतताना मॅडमला कुंपणाच्या जाळीतून वडील दिसले. जन्मात न वाकलेला तो माणूस गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, पट्टा सरळ यावा म्हणून धडपडत होता. तिला तिथंच रडू फुटलं. आता गप्प राहणं हे खोटं बोलण्याहून वाईट, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी मोरीपाशी ते हाताचा रंग रॉकेलनं काढत होते. आई कपडे घड्या करत होती. मॅडमनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, साहेब काय म्हणाला, मी काय म्हटलं, गाडीपाशी काय झालं. कप्तान बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, “कळलं कधी तुला?”

“तेव्हाच. तुम्ही त्याला मिठी मारलीत तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं तोंड बघून नाही बोलवलं, बाबा.”

आई घडी अर्धवट टाकून नवऱ्याकडे बघू लागली. आता भडका उडणार. पण कप्तानांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, “उद्या सभा लावतो. त्या साहेबालाही बोलव. त्याच्या पाठीमागे नको.”

दुसऱ्या सभेला लोक पेढ्यांच्या मूडमध्ये आले होते. कप्तानांनी वेळ घालवला नाही. “मंडळी, पायऱ्या वाचलेल्या नाहीत. साहेबांनी हो म्हटलंच नव्हतं. पोरीनं बरोबर सांगितलं होतं, ऐकताना घोटाळा माझा झाला. कान गेले माझे. तुम्हाला नाचवलं, रंग लावायला लावला, ते मी. जो काही राग काढायचा तो माझ्यावर काढा.”

लोकांनी काढला. “कप्तान, हात सोलून निघाले आमचे!” सुतार ओरडला. “आधी नीट ऐकायचं तरी!” आणि मागून एक आवाज आला, “म्हाताऱ्याला घरी बसवा आता.” कप्तानांनी मान खाली घातली.

अमेरिकनानं मॅडमला हळूच विचारलं, ते काय म्हणताहेत? आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मॅडमनं भाषांतर केलं नाही. ती लोकांकडे वळली.

“बाबांचे कान शाबूत आहेत,” ती म्हणाली. “ते मला वाचवायला खोटं बोलताहेत. चूक माझी. साहेब जे म्हणाले त्याला मी ‘ऐकलं’ म्हटलं. आणि चूक कळल्यावरही मी गप्प राहिले, ती दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.”

“अगं, गप्प बस,” कप्तान पुटपुटले. ती गप्प बसली नाही.

न्हाव्यानं विचारलं, “मग साहेब नेमकं म्हणाले काय होते, मॅडम?”

“ते म्हणाले होते, ऐकून घेतलं.”

कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हाताखालच्या माणसांचं, बायकोचं, सासूचं प्रत्येकानं कधी ना कधी ऐकून घेतलं होतं आणि मग स्वतःच्या मनासारखंच केलं होतं. ‘घेतलं’ एवढ्या एका शब्दात पायऱ्या गेल्या होत्या.

मग मॅडमनं अमेरिकनाला इंग्रजीत सगळं सांगितलं, मिठीपासून रंगापर्यंत. त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याला फार वाईट वाटतंय, तो म्हणाला, पण नकाशे मंजूर झालेत. मॅडमनं ते जसंच्या तसं मराठीत ठेवलं, कुठं मऊ केलं नाही.

कप्तानांनी मान वर केली. “त्यांना सांग,” ते म्हणाले, “आम्हीही तुमचं ऐकून घेतलं.”

हशा असा उसळला की मघाशी ‘घरी बसवा’ म्हणणाराही त्यात सापडला. अमेरिकनही सवयीनं हसला आणि हात छातीकडे नेऊ लागला. मॅडमनं त्याला तिथंच थांबवलं. कप्तान म्हणतात आम्ही ऐकून घेतलं, ती म्हणाली, आणि याचा अर्थ आम्हाला मान्य आहे असा होत नाही, उलट नाही असाच होतो. त्याचा हात वाटेतच राहिला. त्यानं तो खाली घेतला. मग म्हणाला, “मी वचन देत नाही. पण मला एक सांगा. तिथं उभं राहून तुम्हाला मिळतं तरी काय? मला खरंच ठाऊक नाही.”

दोन सभा झाल्या, लोकांना त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न. जन्म ज्यात घालवला ते दोन वाक्यांत कसं सांगणार? कप्तानांनी लेकीकडे बघितलं. “तूच सांग बाई. तुला दोन्ही भाषा येतात.”

मॅडमला दोन्ही भाषांत एकही शब्द सापडला नाही. “बाबा, मला तरी कुठं माहीत आहे?” ती म्हणाली. “तुम्ही कधी नेलंच नाहीत.”

“तू कधी मागे लागलीच नाहीस,” कप्तान म्हणाले, आणि त्यांचा तो कमावलेला आवाज फाटला. मग म्हणाले, “रविवारी चल. त्या साहेबालाही घे. तुम्ही दोघं माझ्या शेजारी उभे राहा. खुर्ची मिळणार नाही, हे त्याला आधीच सांग.”

अमेरिकन वाट बघत होता. मॅडमनं सांगायला सुरुवात केली. आजवर ती दुसऱ्यांचं ‘मी’ बोलत आली होती, मालकाचं, गिऱ्हाइकाचं, परवा वडिलांचं. या वाक्यात तिला स्वतःलाच बोलावलं होतं. बाबा म्हणतात, तुम्ही आणि मी, एवढं इंग्रजीत म्हणून ती थांबली, डोळे पुसले आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं.